शेवंताचं लग्न आणि आराखड्याचा तिसरा टप्पा

एका जंगलात, मुलांनो, सगळ्या प्राण्यांनी एकदा हात वर करून ठरवलं की आजपासून आपण शहर आहोत. ज्यांना हात नव्हते त्यांनी शेपट्या वर केल्या. सापाचं नक्की काय वर झालंय यावर थोडा वाद झाला, म्हणून त्याला गैरहजर धरलं.

त्यानंतर जंगलात फारसं काही बदललं नाही. झाडं होती तिथंच होती. माकडं पूर्वीसारखीच फळांची सालं खाली टाकत होती. फक्त आता त्याला कचऱ्याचा प्रश्न म्हणायचे.

शहर म्हटलं की नगराध्यक्ष लागतो. प्राण्यांनी गव्याला निवडलं, कारण तो सगळ्यांत मोठा होता आणि वाटेतून बाजूला होत नसे. शहर म्हटलं की पुढचा विचारही लागतो. त्यासाठी घारीला नेमलं, कारण तिला फार दूरचं दिसतं. जवळ बघायची तिला सवय नव्हती, पण त्यासाठी तिला नेमलंही नव्हतं.

घार उंच गेली, गिरक्या घेऊन आली आणि सागाच्या मोठ्या पानावर तिनं पन्नास पावसाळ्यांचा विकास आराखडा काढला. त्यात वाहनतळ होता. त्यात कारंजी होती. एका बाजूला समुद्रकिनाराही होता.

"आपल्याकडं समुद्र कुठाय?" कुणीतरी विचारलं.

"पन्नास पावसाळे पाणी पडलं की होईल," घार म्हणाली.

पानाच्या देठाजवळ, जिथं जागा उरली होती तिथं, एक छोटीशी रेघ होती. तो नाल्यावरचा पूल होता.

आता या रेघेची गोष्ट ऐका.

नाल्याच्या अलीकडं साळूबाई नावाची साळिंदरीण राहायची. शेवंता ही तिची एकुलती एक मुलगी. नाल्याच्या पलीकडं तात्यासाहेब काटे नावाचे साळिंदर राहायचे. मुकुंदा हा त्यांचा मुलगा. शेवंताचं आणि मुकुंदाचं लग्न ठरलं होतं. दोघांना एकमेकं मनापासून आवडली होती. साळिंदरांत हे सोपं नसतं, कारण फार जवळ जाऊन पाहता येत नाही.

लग्न शेवंताकडं होतं, म्हणजे वऱ्हाड पलीकडून अलीकडं यायचं होतं. पण मुहूर्ताच्या आधी तात्यासाहेब काठावर येऊन उभे राहिले आणि ओरडले, "विहीणबाई! नाल्याला पाणी आहे!"

"नाल्याला पाणीच असतं हो व्याहीबुवा!"

"मग वऱ्हाड यायचं कसं?"

"पोहत या की! थोडंसंच तर आहे!"

"नवरदेव पोहत येणार? काट्यांच्या घराण्यात असं कधी झालं नाही! आणि अंगाला लावलेली हळद कुठं जाईल? खालच्या गावाला?"

मुलांनो, साळिंदराला पोहता येतं. पण नवरदेवाला पोहता येत नाही. म्हणजे येतं, पण शोभत नाही.

"पूल झाला की कळवा," तात्यासाहेब म्हणाले आणि गेले.

साळूबाई घारीकडं गेली.

"ताई, तेवढा पूल करून द्या. पोरीचं लग्न अडलंय."

"पूल आहे ना आराखड्यात," घार आनंदानं म्हणाली. "तिसरा टप्पा."

"आणि पहिल्या टप्प्यात काय आहे?"

"पहिल्या टप्प्यात सगळ्यांना आराखडा समजावून सांगायचा. दुसऱ्या टप्प्यात सगळ्यांच्या हरकती घ्यायच्या."

"माझी काही हरकत नाही."

"असं कसं? हरकतच आली नाही तर दुसरा टप्पा पुरा कसा व्हायचा?"

साळूबाईनं विचार केला. "बरं मग, माझी हरकत आहे. नाल्यावर पूल नाही, याला माझी हरकत आहे."

"ही हरकत नाही, बाई. ही मागणी झाली. मागण्या चौथ्या टप्प्यात."

साळूबाईचे काटे उभे राहिले. तिनं ते कसेबसे खाली बसवले आणि ती घरी आली.

पण ही गोष्ट गव्याच्या कानावर गेली. निवडणूक जवळ आली होती, आणि लग्नात पुष्कळ लोक जमतात हे त्याला माहीत होतं. तो म्हणाला, "टप्पे येतील तेव्हा येतील. शिलान्यासाला टप्पा लागत नाही."

झालं. काठावर मांडव पडला. सूत्रसंचालनाला कोल्हे सर आले. कोल्हे सरांचा आवाज फार चांगला होता आणि एकदा सुरू केला की तो त्यांना थांबवता येत नसे. सशांच्या शाळेतली पिल्लं स्वागतगीतासाठी सकाळपासून उन्हात उभी केली होती. पाहुणे दुपारी आले. तोवर पिल्लांच्या कानांची टोकं लाल झाली होती.

"पाहा, पाहा," कोल्हे सर म्हणाले, "या चिमुकल्यांच्या कानांवर विकासाचं तेज चढलंय!"

सुतारपक्ष्यानं एका मोठ्या शिळेवर अक्षरं कोरली होती. त्याला लाकडाची सवय, त्यामुळं दगडाच्या भुकटीनं तो सारखा शिंकत होता. कोनशिलेवर लिहिलं होतं, 'या पुलाचा शिलान्यास माननीय गवेसाहेब यांच्या शुभहस्ते संपन्न झाला.' टाळ्या झाल्या. जेवणं झाली. सगळे घरी गेले.

शेवंता कोनशिलेजवळ बसून राहिली. "आई, आता पूल?"

"दगड बसला ना गं. आता पूल येईल मागोमाग."

मागोमाग निवडणूक आली. गवा पडला आणि रानडुक्कर नगराध्यक्ष झालं.

"गव्याचा पूल अगदीच साधा होता," रानडुक्करराव म्हणाले. "आमच्या पुलावर दोन्ही बाजूंनी काजव्यांचे दिवे असतील."

पूल वेगळा म्हणजे कोनशिलाही वेगळी. पण मग आधीच्या कोनशिलेचं काय करायचं?

"फोडून टाका," रानडुक्करराव म्हणाले.

सगळ्यांनी जीभ चावली. "अहो, त्यावर 'माननीय' लिहिलंय!"

हा मोठाच पेच होता. कुणाही माननीयांना फोडणं बरं दिसत नाही. नुसतं टाकून द्यावं तर कुणाचा तरी पाय लागायचा. शेवटी कोल्हे सरांनी मार्ग काढला. ते म्हणाले, "आपल्याकडं जे ठेवता येत नाही आणि टाकताही येत नाही, त्याचं आपण काय करतो? विसर्जन!"

मग कोनशिलेला फुलं वाहिली. ढोल वाजले. सगळ्यांनी मिळून ती ढकलत नेली आणि नाल्यात सोडली. लांब न्यायला कुणी तयार नव्हतं, म्हणून तिथंच सोडली. डुबुक असा आवाज झाला. सगळ्यांनी हात जोडले.

रानडुक्कररावांनंतर अस्वलअण्णा आले. त्यांच्या पुलावर बाग होती. त्यांची कोनशिला सगळ्यांत रुंद होती, कारण तिच्यावर उपाध्यक्षांची, सदस्यांची आणि अण्णांच्या दोन मामांची नावं होती. पुढं तिचं विसर्जन करताना ती एवढी जड निघाली की घसरत घसरत थेट नाल्याच्या मधोमध जाऊन बसली. मग सांबर आलं. मग पुन्हा गवा आला. त्याला स्वतःचीच जुनी कोनशिला वापरायची होती, पण ती पाण्याखाली होती, म्हणून त्यानं नवी बसवली. मग तरस आलं. ज्याला अलीकडची मतं हवी होती त्यानं अलीकडच्या काठावर शिलान्यास केला, आणि ज्याला पलीकडची हवी होती त्यानं पलीकडच्या. विसर्जन ज्याचं त्याच्या काठावरून झालं.

प्रत्येकाचा पूल आधीच्या पुलाहून मोठा होता. नाला तेवढाच होता.

यातल्या कुणालाच पलीकडं जायची अडचण नव्हती, हेही तुम्हाला सांगायला हवं. गव्याला नाला गुडघ्याएवढा लागे. अस्वल चिखलातून मजेत जाई. घार तर नाल्याकडं बघतसुद्धा नसे. प्रत्येक नव्या नगराध्यक्षाबरोबर ती नवं सागाचं पान घ्यायची आणि पन्नास पावसाळे पहिल्यापासून मोजायला लागायची.

इकडं शेवंता आणि मुकुंदा आपापल्या काठावर बसून एकमेकांशी बोलायची. मध्ये पाण्याचा खळखळाट, त्यामुळं ओरडावं लागे.

"जेवलीस का?" मुकुंदा ओरडायचा.

"हो! तू?"

"मीही!"

"आम्हीपण जेवलो!" वरून सगळी वानरं ओरडायची.

याच्यापलीकडं बोलणं काही जात नसे. तुम्हीच सांगा, सगळ्या शहरासमोर आणखी काय ओरडणार?

असे बरेच दिवस गेले. मग एके दिवशी तात्यासाहेब पुन्हा काठावर आले. त्यांचा आवाज या वेळी जरा हळू होता, पण ऐकू आला.

"विहीणबाई, राग मानू नका. टेकडीवरच्या भोरांची मुलगी सांगून आलीय. आमच्या आणि त्यांच्या मध्ये नाला नाही, ओहोळसुद्धा नाही. येत्या पौर्णिमेला मुकुंदाचं लग्न उरकायचंय. तोवर पूल झाला तर तुमच्या मांडवात. नाहीतर भोरांच्या."

"बाबा!" मागून मुकुंदा ओरडला.

"तू गप्प बस. तुझे काटे पांढरे व्हायला लागलेत."

त्या दिवशी मुकुंदानं नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा शेवंतानं उत्तर दिलं नाही. ती जेवलीच नव्हती. 

साळूबाई तशीच उठली आणि नव्या नगराध्यक्षांकडं गेली. ते होते मोरेश्वरराव मोर. ते आरशासारख्या डबक्यात पाहत बसले होते.

"साहेब, पौर्णिमेच्या आत पूल द्या. चार बांबू टाकले तरी चालतील."

"बांबू? छे छे. तुमच्या पुलाला मी पिसाऱ्याचा आकार देणार आहे. उद्याच शिलान्यास करू."

"शिलान्यास नको हो साहेब! पूल हवा!"

मोरेश्वरराव हसले. "बाई, शिलान्यासाशिवाय पूल? लोक म्हणतील, चोरून बांधला."

दुसऱ्या दिवशी मोरेश्वररावांची कोनशिला बसली आणि तरसाच्या कोनशिलेचं विसर्जन झालं. फुलं वाहिली, ढोल वाजले, शिळा पाण्यात सोडली. सगळे हात जोडून डुबुक आवाजाची वाट पाहू लागले.

आवाज आला, पण तो डुबुक नव्हता. ठक असा होता.

"विसर्जन संपन्न!" कोल्हे सर म्हणाले, आणि सगळे जेवायला गेले.

शेवंता गेली नाही. तिनं वाकून पाहिलं. तरसाची कोनशिला बुडालीच नव्हती. ती खालच्या कोनशिलांवर बसली होती आणि तिचा वरचा भाग कोरडा होता. पलीकडं आणखी एक कोनशिला डोकं वर काढून होती. तिच्या पलीकडं अस्वलअण्णांची रुंद शिळा, आणि तिथून पार पलीकडच्या काठापर्यंत आणखी दगड. शेवंतानं एक पाय ठेवून पाहिला. दगड हलला नाही. तिनं दुसरा पाय ठेवला. मग ती मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिनं मुकुंदाला हाक मारली. त्या दिवशी पहिल्यांदा तिला ओरडावं लागलं नाही.

"जेवलास का?" तिनं विचारलं.

"काय?" वरून वानरं म्हणाली. "ऐकू येत नाहीये!"

साळूबाईनं तात्यासाहेबांना निरोप धाडला की पूल झाला. पौर्णिमेला वऱ्हाड काठावर हजर झालं. मुकुंदाच्या काट्यांवर मुंडावळ्या बांधल्या होत्या. बेडकांचा बँड होता.

"कुठाय पूल?" तात्यासाहेब म्हणाले. "मला तर दगड दिसतायत."

"त्यांवरूनच यायचंय, मामंजी!" शेवंता लाजत म्हणाली. "आधी सांबरसाहेबांवर पाय ठेवा. मग गवेसाहेबांवर. मग अस्वलअण्णांवर या, तिथं ऐसपैस जागा आहे. तिथून रानडुक्कररावांवर, मग तरससाहेबांवर की आलंच."

"माननीयांवर पाय ठेवायचा?"

"ठेवून नमस्कार करायचा," साळूबाई म्हणाली. "गर्दीत चुकून लागला तर करतो तसा."

हे सगळ्यांना पटलं. मुकुंदा पुढं निघाला. त्यानं प्रत्येक दगडाला घाईघाईनं हात लावला, छातीला लावला आणि टुणटुण उड्या मारत तो अलीकडं आला. हळद जशीच्या तशी होती. शेवंतानं खाली पाहिलं आणि मग पटकन वर पाहिलं.

तात्यासाहेब मात्र रीतसर माणूस. ते पहिल्याच दगडावर थांबले. त्यांनी सगळी कोनशिला वाचली, सगळ्या नावांना वेगवेगळा नमस्कार केला आणि मागच्या वऱ्हाडालाही तसंच करायला सांगितलं. त्यामुळं वऱ्हाड काठावरच तुंबलं.

नेमकी त्याच वेळी घार वरून चालली होती. तिनं इतक्या उंचावरून पाहिलं तर नाल्यावर एक सरळ रेघ होती. अगदी पानावरच्यासारखी.

"झाला!" घार किंचाळली. "पूल झाला! तिसरा टप्पा पुरा झाला! पहिल्या दोन टप्प्यांच्याही आधी!"

ही बातमी कळताच मोरेश्वरराव धावत आले. मागोमाग कोल्हे सर आले, माजी नगराध्यक्ष गवा आला, शिंकत शिंकत सुतारपक्षी आला, आणि सशांच्या पिल्लांना पुन्हा उन्हात उभं केलं.

"थांबा!" मोरेश्वरराव म्हणाले. "उद्घाटनाआधी पुलावर कुणी पाय ठेवायचा नाही!"

तात्यासाहेब नियम पाळणारे. ते दगडावरून उतरून पुन्हा आपल्या काठावर गेले.

"अहो, मुहूर्त टळेल!" साळूबाई म्हणाली.

"आत्ता उरकतो. फक्त उद्घाटनाची कोनशिला बसवायची. शिलान्यासाची वेगळी, उद्घाटनाची वेगळी. दगड आणा!"

पण दगड नव्हता. शहराची खाण केव्हाच रिकामी झाली होती. सगळा दगड शिलान्यासांत गेला होता. मोरेश्वररावांचा पिसारा खाली आला.

"साहेब," कोल्हे सर हळूच म्हणाले, "तो मधला पाहा. चांगला रुंद आहे. आणि मागची बाजू कोरी आहे."

तो मधला दगड अस्वलअण्णांचा होता. गव्याला अण्णा कधीच आवडत नसत. तो लगेच म्हणाला, "मी ओढतो. समाजकार्य आहे."

शेवंता आयुष्यात कधी मोठ्यांच्या मध्ये बोलली नव्हती. पण तिनं गव्याच्या शिंगाला बांधलेला वेल पाहिला आणि ती ओरडली, "साहेब, तो काढू नका! तो दगड म्हणजेच पूल आहे!"

मोरेश्वररावांनी तिच्याकडं प्रेमानं पाहिलं. "बाळ, पूल पुलाच्या जागी आहे. ही कोनशिला आहे. दोन्हींत गल्लत करू नये."

गव्यानं जोर लावला. दगड निघाला. खालून पाणी घुसलं, आणि मग एकामागून एक सगळे माननीय गडगडत खालच्या गावाकडं निघाले. कुणीच त्यांच्याकडं पाहिलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष नव्या कोनशिलेकडं होतं. सुतारपक्ष्यानं भराभर अक्षरं कोरली. 'या पुलाचं उद्घाटन माननीय मोरेश्वरराव यांच्या शुभहस्ते संपन्न झालं.' मोरेश्वररावांनी चोचीनं फुलांची माळ तोडली. टाळ्या झाल्या.

"आणि हा पाहा, आपला भव्य..." कोल्हे सर वळून म्हणाले. पुढं नुसतं पाणी वाहत होतं.  मग ते म्हणाले, "...भव्य!"

"वरून कसा दिसतोय?" मोरेश्वररावांनी घारीला विचारलं.

"मी आता चौथा टप्पा बघतेय," घार वरून म्हणाली.

मुहूर्त जवळ आला होता. नवरदेव अलीकडं, वऱ्हाड पलीकडं. साळूबाईनं कुणाला विचारलं नाही. तिनं अंतरपाट धरला. त्याला दोन्हीकडून भोकं पडली, त्यामुळं मुलगा-मुलगी एकमेकांना आधीच दिसली, पण तिकडं दुर्लक्ष केलं. मंगलाष्टकं बेडकांनी म्हटली. तात्यासाहेबांनी पलीकडून अक्षता फेकल्या. त्या माशांनी खाल्ल्या. वानरांनी झाडावरून फुलं टाकली आणि सालंही टाकली.

जेवणं झाली. तात्यासाहेब बराच वेळ काठावर उभे होते.

"विहीणबाई! आता सूनबाईंना पाठवा!"

"पाठवते की! कशावरून पाठवू?"

तात्यासाहेबांनी पाण्याकडं पाहिलं. सूनबाईंची हळदही हळदच होती.

"मग निदान मुकुंदाला पाठवा! काट्यांच्या घराण्यात घरजावई कुणी झालेला नाही!"

"तो पानावर बसलाय हो व्याहीबुवा! दुसऱ्यांदा वाढून घेतोय!"

"कोल्हे सर!" तात्यासाहेबांचा आवाज चिरकला. "पूल पुन्हा कधी होणार?"

"पुन्हा कसा होणार?" कोल्हे सर म्हणाले. "पूल झालाय. उद्घाटन झालेला पूल पुन्हा बांधता येत नाही. आराखड्यात तशी सोय नाही."

साळूबाईनं त्या दिवसासाठी रडायची सगळी तयारी करून ठेवली होती. एकुलती एक लेक सासरी जाणार म्हणून तिनं पदरसुद्धा मोठा घेतला होता. पण लेक समोरच बसून जावयाला भात वाढत होती. रडायचं राहूनच गेलं.

तात्पर्य : मुलांनो, शहराचं कुठलंही काम कधीच पुरं होऊ देऊ नये. ते अर्धवट राहिलं तर निदान पलीकडं जाता येतं. पुरं झालं, तर त्याचं उद्घाटन होतं.